‘मॉस्कविच’ची जन्मकथा
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



‘मॉस्कविच ४००’ ही युद्धोत्तर सोव्हिएत संघातील पहिली छोटी कौटुंबिक मोटार. तिचा मूळ नमुना जर्मनीच्या ओपेल कंपनीची ‘कॅडेट’ हा होता, ही गोष्ट लपविण्याचे आपल्याला कारण नाही. विचारावयाचे ते एवढेच की, ही उसनवारी का करावी लागली?

छोट्या मोटारीची कल्पना युद्धानंतर सुचलेली नव्हे. मॉस्कोच्या कारखान्यात १९४० साली ‘किम-१०’ तयार झाली होती. परंतु १९४१ च्या हिटलरी आक्रमणामुळे काही शेकडा गाड्यांनंतर ते काम बंद पडले. १९४५ मध्ये चार दारांची कॅडेट निवडण्यात आली. ओपेलचे रसेल्सहाइम अमेरिकी ताब्यातील प्रदेशात होते. कित्येक आराखडे जर्मन अभियंत्यांच्या साह्याने नव्याने तयार करावे लागले.

डिसेंबर १९४६ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. इंजिन १,०७४ घन सेंटिमीटरचे, २३ अश्वशक्तीचे. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. ही गाडी नागरिकांना विकत मिळे. तरी सामान्य कामगाराला ती स्वस्त नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

कारखान्यातील कामगार आणि अभियंते मात्र नकलेवर थांबले नाहीत. १९५४ च्या ‘४०१’ मध्ये इंजिन २६ अश्वशक्तीचे झाले आणि १९५६ मध्ये स्वतःच्या बांधणीची ‘४०२’ रस्त्यावर आली. दुसऱ्याचे तंत्र घेणाऱ्या देशाची कसोटी, ते पचवून त्यापुढे जाण्यास त्याला किती काळ लागतो, ही आहे. बेचिराख झालेल्या देशाला येथे दहा वर्षे पुरली.