कोठीच्या दाराला मांजराची वाट

हातातलं काम चालू ठेवा, नुसते कान इकडे असू द्या. आज बोलायचंय कोठीच्या खोलीच्या दाराबद्दल, त्या खोलीतल्या उंदरांबद्दल, आणि घरात असूनही त्या खोलीत जाता न येणाऱ्या मांजराबद्दल.

आपल्याकडे आता लाकडी दारं कमी होत चालली आहेत. लाकूड महाग झालं, त्याला वाळवी लागते, पावसाळ्यात ते फुगतं. म्हणून आधी न्हाणीला, संडासाला आणि मग कोठीच्या खोलीलाही प्लास्टिकचं, म्हणजे पीव्हीसीचं दार आलं. ते हलकं असतं, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. दार चांगलंच आहे. पण जुनं दार उंबऱ्याशी झिजलेलं असायचं, नाहीतर नुसतं लोटलेलं असायचं. मांजर आपलं येई-जाई. नवं दार घट्ट बसतं, आणि मांजर बाहेर राहतं.

उंदीर मात्र बाहेर राहत नाही. तो कौलाखालून येतो, भिंतीच्या भोकातून येतो, नाहीतर त्याच प्लास्टिकच्या दाराचा खालचा कोपरा कुरतडून येतो. पेन्सिल जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-सात पिल्लं सहज होतात. म्हणजे दिवाळीत दिसलेला एक उंदीर संक्रांतीपर्यंत एक राहत नाही.

मग आपण काय करतो? एक तर दार उघडं टाकतो. मग मांजराबरोबर कोंबड्या शिरतात, कुत्रं शिरतं, आणि उंदरांच्या मागावर सापही येतो. नाहीतर दुकानातून उंदराचं औषध आणतो. त्याला औषध म्हणायची आपल्याला सवय आहे, पण ते विष आहे. काळसर पूड मिळते ती बहुधा झिंक फॉस्फाइडची. पिठात मळून गोळ्या ठेवतात. पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो. ट्यूबमधून लोण्यासारखं मिळतं, त्यात पिवळा फॉस्फरस असू शकतो. त्यानं लिव्हर निकामी होतं. या दोन्हींवर उतारा नाही. रांगतं मूल जमिनीवर दिसेल ते तोंडात घालतं, त्याला गोळी कशाची ते कळत नाही. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका. पाकीट बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. मूल बरं दिसत असलं तरी जा, कारण त्रास काही वेळा उशिरा दिसतो.

आणखी एक. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही दगावू शकतं. म्हणून विष आणि मांजर एका घरात चालत नाही. दोन्हींतलं एक निवडायचं. मी म्हणते, मांजर निवडा, आणि त्याला कामावर जायला वाट द्या.

ही वाट म्हणजे दारातली झडप. दाराच्या खालच्या भागात एक चौकोनी भोक पाडायचं आणि त्यावर दोन्ही बाजूंना झुलणारी हलकी फळी लावायची. मांजर डोकं लावून ढकलतं, पलीकडे जातं, फळी आपोआप मिटते. कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमधे एक्झिटर गावी मोठं कॅथेड्रल आहे. तिथल्या जुन्या घड्याळाखालच्या लाकडी दाराला मांजरासाठी पाडलेलं गोल भोक आजही आहे. घड्याळाच्या दोरांना चरबी लावत, तिच्या वासानं उंदीर येत, म्हणून मांजराची सोय केली असं सांगतात.

आता आपल्या दाराकडे येऊ. आधी दार ओळखा. बोटानं टकटक करा. पोकळ आवाज आला तर ते पट्ट्यापट्ट्यांचं पोकळ दार आहे. भरीव आवाज आला तर सलग शीटचं. बऱ्याच दारांच्या कडेच्या चौकटीत मजबुतीसाठी लोखंडी नळी असते. ती बाहेरून दिसत नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घ्या आणि दारावरून फिरवा. जिथे ते ओढलं जाईल तिथे आत लोखंड आहे. खडूनं खूण करा. त्या खुणेपासून निदान तीन इंच लांब राहायचं. नळी कापली तर दार लचकतं आणि मग कायमचं लोंबतं.

जागा ठरवताना दुसरं पाहायचं ते कडीचं. झडपेतून कुणी हात घातला तर आतली कडी किंवा खालची खिट्टी हाताला लागता कामा नये. म्हणून झडप कडीच्या बाजूला न घेता बिजागरीच्या बाजूला घ्या. हात घालून स्वतः तपासा, आणि घरातल्या लांब हाताच्या माणसालाही तपासायला सांगा.

माप सोपं आहे. मांजराच्या पोटाची उंची मोजा, साधारण चार ते सहा इंच भरते. भोकाची खालची कड तिथे यायला हवी, म्हणजे मांजर सहज पाय टाकून जातं. मोकळी वाट रुंदीला सहा इंच आणि उंचीला सात इंच असली तर साध्या गावठी मांजराला पुरते. बोका थोराड असेल किंवा मांजर गाभण असेल तर इंचभर वाढवा. दार कापण्याआधी एका पुठ्ठ्याच्या खोक्याला तेवढंच भोक पाडून मांजराला त्यातून जाऊ द्या. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो, दार मिळत नाही.

भोकात आपण अर्ध्या इंची फळीची चौकट बसवणार आहोत. म्हणून दारातलं भोक मोकळ्या वाटेपेक्षा दोन्ही मापांनी एक इंच मोठं हवं. वाट सहा बाय सात, तर भोक सात बाय आठ. खालची कडही त्या हिशेबानं अर्धा इंच खाली धरा.

जमलं तर दार बिजागरीतून काढून दोन पोत्यांवर आडवं ठेवा. चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ आखा, म्हणजे कड उडत नाही. चारही कोपऱ्यांत, रेघेच्या आतल्या बाजूनं, ड्रिलनं बोट जाईल एवढं भोक पाडा. ड्रिल सरळ धरा, तिरकं गेलं तर पलीकडच्या बाजूला माप चुकतं. मग बारीक दातांच्या हॅक्सॉ पात्यानं एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश कापा. घाईनं मशीन चालवलं की प्लास्टिक तापतं, वितळतं आणि पात्याला चिकटतं. कोपरा आधी गोल पाडल्यानं तिथून तडा जात नाही. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला ओढणी बांधा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. चुलीत सळई लाल करून प्लास्टिकला भोक पाडायची आपल्याकडे पद्धत आहे. पीव्हीसी जळलं की त्यातून आम्लाचा वायू निघतो. तो घशाला आणि फुप्फुसांना झोंबतो. दमेकरी माणसाला आणि लहान मुलाला तर फारच वाईट. दार विझवलेलं दिसतं, पण छाती रात्रभर जळते. पाच-दहा मिनिटं जास्त लागली तरी पातंच वापरा.

पोकळ दार कापलं की कडेला आतली पोकळी उघडी पडते. ती तशी सोडली तर मुंग्या, झुरळं आणि पालीही तिथे घर करतात, आणि उंदराला कुरतडायला आयती कड मिळते. म्हणून चौकट लागते. दाराच्या जाडीएवढ्या रुंदीच्या चार फळ्यांचा छोटा खोका करून भोकात बसवा. दोन्ही बाजूंनी दीड इंची लाकडी पट्टी लावून ती खोक्याच्या लाकडात स्क्रूनं आवळा. आधी बारीक ड्रिलनं वाट करा, नाहीतर फळी फाटते. स्क्रू लाकडातच जाऊ द्या. पातळ प्लास्टिक स्क्रूला धरत नाही आणि जास्त आवळलं तर चेपतं. फटींत सिलिकॉन भरा.

झडपेसाठी पारदर्शक अॅक्रिलिकचा तुकडा घ्या, तीन मिलिमीटर जाडीचा. मांजराला पलीकडचं दिसतं म्हणून ते बिचकत नाही. तुकडा मोकळ्या वाटेपेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर लहान हवा, म्हणजे घासत नाही. कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा. वरच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी नट-बोल्ट आणि वायसर लावून बसवा, आणि ती पट्टी खोक्याच्या वरच्या फळीला ठोका. रबर दोन्ही बाजूंना वाकतं, बिजागरी लागत नाही. खालच्या कडेला एक छोटं लोहचुंबक चिकटवा आणि त्याच्या समोर खालच्या फळीत एक लोखंडी स्क्रू बसवा. वाऱ्यानं झडप फडफडत नाही. चुंबक जास्त जोराचं घेऊ नका, मांजराच्या डोक्याच्या धक्क्यानं सुटायला हवं. तयार झडप विकत मिळाली तरी बसवायची रीत हीच. तिच्याबरोबर आलेल्या कागदावरचं माप पाहूनच भोक कापा.

शेवटी दाराच्या तळाला, दोन्ही बाजूंनी, चार बोटं रुंद पत्र्याची पट्टी मारा. झडपेच्या खालच्या फळीवरही पत्रा वाकवून बसवा. पत्र्याची धार दुमडून घ्या, मांजराचं पोट तिच्यावरून जाणार आहे. उंदीर पत्रा कुरतडत नाही. झडपेला बाहेरून बंद करायला एक सरकती फळीही ठेवा.

मांजराला शिकवायला आठवडा लागतो. पहिले चार-पाच दिवस झडप दोरीनं वर बांधून ठेवा आणि पलीकडे सुकटीचा तुकडा किंवा दूध-भाकरी ठेवा. मग झडप अर्धी खाली सोडा. मग पूर्ण सोडा. मांजराला धरून भोकात ढकलू नका. एकदा शेपूट अडकली की ते पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही.

आता चार गोष्टी सावधगिरीच्या. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. म्हणून ज्या खोलीत माणसं खाली झोपतात तिच्या बाहेरच्या दाराला झडप करू नका. कोठीच्या दाराला करा. ते दारही थेट अंगणात उघडत असेल तर रात्री सरकती फळी लावा. दुसरं, मोकळं धान्य मांजर घाण करू शकतं. म्हणून धान्य पत्र्याच्या कोठीत किंवा पोत्यात, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. तिसरं, मांजराची विष्ठा गरोदर बाईनं उचलू नये. तिच्यातून टोक्सोप्लाझ्मोसिस नावाचा आजार होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. चौथं, मांजरानं चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. मांजरालाही ती लस टोचून घ्या.

मांजर म्हणजे जादू नाही. घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. भिंतीची भोकं सिमेंट आणि काचेचे तुकडे घालून आपल्यालाच बुजवावी लागतात. पण धान्यात येणाऱ्या लहान उंदरांवर रोज पहारा करणारं, पगार न मागणारं दुसरं कोण आहे?

आता कुणी म्हणेल, हे सुताराचं काम, आपलं नाही. सुतार मिळाला तर बोलवा. पण एवढ्याशा कामाला तो चार-चार दिवस येत नाही, आणि तोवर गोळ्या ठेवल्या जातात. ड्रिल प्रत्येक घरी लागत नाही. गटानं मिळून एक घ्यावं, नोंदवहीत लिहून आळीपाळीनं वापरावं. पहिली झडप गटातल्या एका घरी सगळ्यांनी मिळून बसवा. दुसऱ्या घरी निम्म्या बायका पुरतील. तिसऱ्या घरी ती घरची बाईच करेल. भाड्याचं घर असेल तर आधी घरमालकाला विचारा.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एक प्रश्न विचारा: कुणाकुणाच्या घरात आज उंदराच्या गोळ्या ठेवल्या आहेत? हात वर होतील. त्या घरांत लहान मूल आहे का, तेही विचारा. पहिली झडप कुठे बसवायची ते तिथेच ठरेल. आणि त्या घरातल्या उरलेल्या गोळ्या त्याच दिवशी गोळा करून मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेतून काढा. चुलीत टाकू नका, ओढ्यात टाकू नका. घरापासून आणि विहिरीपासून लांब, खोल खड्डा करून पुरा, आणि हात साबणानं धुवा.