सकाळी मूठ वळत नाही तेव्हा

(सूर्यमाळ येथे महिला गटांच्या बैठकीत केलेली मांडणी)



मगाशी एक ताई म्हणाली, "सकाळी मूठच वळत नाही. चुलीत लाकूड सारायलाही पोरीला हाक मारावी लागते. उन्हं वर आली की हात जरा सुटतात." घरचे म्हणतात, कामाच्या वेळेलाच हिला वात येतो. आपल्यातल्या काहीजणी त्यावर हसल्या, म्हणून त्यावरच बोलते.

भातलावणीनं दुखलेली कंबर झोपल्यावर उतरते. हे दुखणं उलटं. विश्रांतीनंतर सांधे आखडतात, तासभर सुटत नाहीत. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. हा आमवात, डॉक्टरी भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. पुरुषांपेक्षा बायांना दोन-तीन पट अधिक होतो. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात भिगवणला घरोघर पाहणी सुरू केली. तिथं मोठ्या माणसांत दोनशेंमागे साधारण एकाला तो आढळला.

शरीराची राखण करणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोप नेणारी प्रथिनं म्हणजे सायटोकाइन. काटा रुतला की 'इकडे या' असा निरोप जातो, जागा सुजते. काम झालं की 'पुरे, परता' म्हणणारी प्रथिनंही सुटतात. आमवातात ती अपुरी पडतात. टीएनएफ आणि आयएल-६ ही प्रथिनं सांध्याचं अस्तर चेतवत राहतात. अस्तर जाड होतं, कूर्चा झिजते, हाड पोखरलं जातं. आयएल-६ रक्तातून यकृतापर्यंत पोचतं आणि शरीर आपलंच लोह अडवून धरतं. म्हणून लोहाच्या गोळ्या खाऊनही अशा बाईचं रक्त वाढत नाही. आपण तिलाच विचारतो, गोळ्या फेकल्यास ना? मीही विचारलं आहे.

टीएनएफचा निरोप अडवला की सूज उतरते, हे लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. ती इंजेक्शनं महाग. शिवाय क्षयाचे जंतू कोंडून ठेवण्याचं कामही टीएनएफच करतं. ते अडवलं तर दबलेला क्षय उठू शकतो. म्हणून आधी क्षयाची तपासणी हवीच.

पण बहुतेकींची सुरुवात मेथोट्रेक्सेट या स्वस्त गोळीनं होते. ती आठवड्यातून एकाच दिवशी. रोज घेतली तर जिवावर बेतते. वाचता येत नसेल तर बाजाराचा वार धरा. गर्भ राहिला तर तिच्यानं बाळाला इजा होते, म्हणून गोळी देण्याआधी डॉक्टरनं पाळीचं, मुलाच्या विचाराचं विचारलं पाहिजे. पुष्कळदा विचारत नाहीत, आणि नवऱ्यासमोर बाई बोलत नाही. तेव्हा आपल्यापैकी एकीनं सोबत आत जायचं, नवऱ्याला बाहेर बसवायचं.

एका सुईत चालती करणारे आपल्याला ठाऊक आहेत. ती सुई बहुधा स्टिरॉइडची. देखरेखीशिवाय वर्षानुवर्षं घेतली तर हाडं ठिसूळ होतात, आणि सांधा आतून झिजतच राहू शकतो.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या पाड्यावर विचारून या, सकाळी कुणाची मूठ वळत नाही. आणि त्या ताईला या आठवड्यातच जव्हारच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं आहे. सोबत कोण येतंय?