नागद्वारीची वाट आणि खिशातला फोन

(पिंपळगाव राजा येथील रात्रीच्या वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आषाढ अर्ध्यावर आला. गावात नागद्वारीची बोलणी सुरू झाली आहेत. कोण कोण येणार, शिधा किती घ्यायचा, पिपरियाहून जीप मिळेल की नाही, हे सगळे पारावर ठरते आहे. काल एक जण मला म्हणाला, "गुरुजी, आता कायची चिंता? सगळ्याच्या खिशात फोन हाय." त्या वाक्यावरून मी आजचा विषय घेतला. कारण हेच वाक्य मीही एकदा बोललो होतो.

ज्यांनी नागद्वारी पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे ठिकाण मध्य प्रदेशात, पचमढीच्या डोंगरांत आहे. आपण नांदुऱ्याला रेल्वेत बसतो. भुसावळ, इटारसी करत पिपरियाला उतरतो. तिथून पचमढी सुमारे ५० किलोमीटर. पुढे पायवाट. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर धूपगड त्याच भागात आहे. उंची १३५२ मीटर. सारे रान वाघांसाठी राखलेले. एरवी ती वाट बंद असते. नागपंचमीच्या आधी सुमारे दहा दिवस ती उघडतात. दिवस पावसाचे. धुके असे, की पुढच्याची पाठ दिसत नाही. डोंगर चढा, उतरा, ओढा ओलांडा, पुन्हा चढा. विदर्भातून हजारो माणसे जातात. आपल्याकडची मंडळे वाटेत मांडव घालून त्यांना जेवू घालतात.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण गेलो होतो. बरोबर माझ्या थोरल्या वहिनी होत्या. वय साठीच्या पुढे. त्यांना तेव्हा अक्षरओळख नव्हती. पुतण्याने त्यांना बटणांचा फोन दिला होता. "आई, दोनचं बटण दाबून धर, की मला लागतो," एवढे शिकवले होते. बस, वहिनींचा फोन म्हणजे ते दोनचे बटण.

माझा फोन मोठा, काचेचा. मी सकाळपासून धबधब्यांचे फोटो काढत होतो. मधून मधून घरी लावून पाहत होतो. लागत नव्हता. दुपारी दोन वाजता फोन बंद पडला. आणि तीनच्या सुमारास पाहतो, तो वहिनी कुठे दिसेनात.

आम्ही मागे गेलो, पुढे गेलो, हाका मारल्या. धुक्यात हाक किती जाणार? अंधार पडला. एका मांडवात आम्ही रात्र काढली. झोप कोणाला आली नाही. माझ्या भरवशावर त्या आल्या होत्या, हे मला कोणी बोलून दाखवले नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर ते दिसत होते.

तिकडे वहिनी दुसऱ्याच मांडवात पोचल्या होत्या. दोनचे बटण त्यांनी किती वेळा दाबले असेल, देव जाणे. मांडवातल्या एका पोराने विचारले, "आजी, घरचा नंबर सांगा." नंबर पाठ नाही. "गाव कोणतं?" तर म्हणाल्या, "पिंपळगाव." आता पिंपळगावे किती! एकट्या आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव काळे आहे, पिंपळगाव सराई आहे. नाशिककडे पिंपळगाव बसवंत आहे. गावाचे पुरे नाव सांगावे, हे घाबरलेल्या माणसाला सुचत नाही.

पण पोरगा हुशार. त्याने वहिनींचा फोन हातात घेतला. आत वीस नावे होती. त्यांतला मुलगा कोण, जावई कोण, भाजीवाला कोण, हे परक्याला कसे कळावे? मग त्याने शेवटी कोणाला फोन केला होता, तो नंबर काढला. लावून पाहिला, लागेना. तेव्हा त्याने मजकूर लिहिला: "तुमच्या माणूस आजी काजरीच्या मांडवात सुखरूप आहेत." फोन घेऊन तो पावसात वरच्या धारेवर चढला. पाठवा, नाही जात. पुन्हा पाठवा, नाही जात. पाच-सहा वेळा केल्यावर एकदाचा तो मजकूर गेला.

इकडे गावात काय चालले होते ते ऐका. पुतण्या संध्याकाळपासून आम्हा सगळ्यांना फोन लावत होता. प्रत्येक वेळी तीच बाई बोले, "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." त्यात कोणीतरी दरड कोसळल्याचे चित्र आपल्या फोनवर सगळ्यांना दाखवले. ते चित्र कुठले, कधीचे, कोणी विचारले नाही. घरात रडारड सुरू झाली. पुतण्या रात्रीच जीप करून निघणार होता. पावणेदहाला त्याच्या खिशातला फोन वाजला आणि तो मजकूर आला.

पाहा, मी वहिनींपासून कोसभर अंतरावर होतो. मला त्यांचा पत्ता नव्हता. पिंपळगाव राजात मात्र तो सगळ्यांना ठाऊक होता! सकाळी भेट झाली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, मले वाटलं तुमी फोनात पाहून याल."

आता बोलणे जात नव्हते, मग मजकूर कसा गेला? हे समजून घ्या. आपला फोन थेट गावातल्या फोनशी बोलत नाही. तो जवळच्या टॉवरला हाक मारतो. टॉवर ती हाक पुढे पोचवतो. या बांधावरून त्या बांधावर हाक ऐकू जाते, पण मध्ये टेकडी आली की अडते. तसेच हे. दरीत उतरलात की टॉवर आणि तुम्ही यांच्यामध्ये डोंगर उभा राहतो. बोलण्यासाठी ही हाक सारखी, न तुटता पोचावी लागते. लहानशा मजकुराला एक क्षण पुरतो. धारेवर रेंजची एक काडी आली न आली, तेवढ्यात तो निघून जातो. ज्याला पाठवला त्याचा फोन बंद असला, तरी मजकूर कंपनीकडे थांबतो आणि फोन सुरू झाला की पोचतो. फार दिवस मात्र थांबत नाही.

माझ्या लहानपणी असे काम तार करी. शब्दाला पैसे पडत, म्हणून माणसे चार शब्दांत भागवत. तार आली की बायका आधी रडत आणि मग गुरुजींना वाचायला बोलावत. अशा कितीतरी तारा मी वाचून दाखवल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या तर आनंदाच्या असत! सरकारने जुलै २०१३ मध्ये तार बंद केली. आता तार तुमच्या खिशात आहे. फक्त लिहायचे आणि वाचायचे तुमचे तुम्हाला.

मराठीत लिहाल तर एका मजकुरात ७० चिन्हे मावतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणून थोडक्यात लिहा. "पोचलो. बरा आहे. उद्या संध्याकाळी पिपरियाहून बोलतो." एवढे पुरे. हे सहज मावते, मी मोजून पाहिले आहे.

माझ्या फोनचे काय चुकले, तेही सांगतो. टॉवर सापडेना की फोन जोरजोराने हाका मारू लागतो आणि हाका मारून दमतो. म्हणजे बॅटरी उतरते. फोटो काढून मी त्यात भर घातली. रानात शिरताना काचेच्या फोनवर विमानाचे चित्र असते ते दाबावे, म्हणजे तो हाका मारायचे थांबवतो. बटणांचा फोन सरळ बंद ठेवावा. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला उंच जागी उभे राहून सुरू करावा. आणि ही वेळ घरी सांगून जावे. "दोन दिवस माझा फोन लागणार नाही, तिसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत वाट पाहा," असे मी निघताना बोललो असतो, तर त्या घरात रडारड झाली नसती. हे सांगायला पैसा लागत नाही. पण आम्हाला वाटले, फोन आहे ना!

अडचणीत ११२ लावा. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला, पण दुसऱ्या कोणाचा असला, तरी हा नंबर लागू शकतो. जिथे कोणाचाच टॉवर नाही तिथे तोही लागत नाही. तिथे पोलिसांची चौकी गाठावी. त्यांच्याजवळ बिनतारी यंत्र असते.

तरुण मुले विचारतात, "गुरुजी, फोनात नकाशा असतो, मग हरवायचं कसं?" खरे आहे. नकाशा घरूनच उतरवून घेतला तर रेंज नसतानाही चालतो, कारण तो आकाशातल्या उपग्रहांचे ऐकतो. पण तो फक्त ऐकतो. तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला कळते, घरच्यांना कळत नाही.

उपग्रहाला सांगणारा पाहायचा असेल, तर आपल्याकडे आलेल्या वाघाचे आठवा. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या रानातून एक तरुण वाघ निघाला. हिंडत हिंडत वर्षअखेर आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याच्या गळ्यात पट्टा होता आणि तो पट्टा उपग्रहामार्फत वनखात्याला ठिकाण कळवत होता. सगळी मिळून सुमारे ३००० किलोमीटर त्याची चाल नोंदली गेली. वाघ कुठे आहे हे साहेबाला कळत होते आणि माझ्या वहिनी कुठे आहेत हे मला कळत नव्हते! तसा उपग्रहाचा फोन माणसांसाठीही असतो. पण आपल्या देशात सरकारच्या परवानगीशिवाय तो बाळगता येत नाही. तेव्हा तो विचार सोडा.

त्या वर्षी दिवाळीनंतर वहिनी या वर्गात आल्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "भाऊजी, मले पयले आकडे शिकवा. अ आ इ मंग." दहा आकडे गिरवायला त्यांना तीन आठवडे लागले. मागच्या खेपेला त्या पुन्हा नागद्वारीला गेल्या. मी गेलो नाही, गुडघे दुखतात. दुसऱ्या दिवशी रात्री मला मजकूर आला. एकच शब्द, आणि तोही चुकलेला: "पोचलि." मी वेलांटी सुधारली नाही.

तर मंडळी, उद्या येताना प्रत्येकाने एक कोरा कागद आणि प्लास्टिकची लहान पिशवी आणा. कागदावर स्वतःचे नाव, पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, आणि घरच्या दोघांचे नंबर, आपल्या हाताने लिहायचे. फोनातही मुलाच्या नावापुढे "मुलगा" असे लिहून घेऊ. ज्यांना आकडे अजून जमत नाहीत त्यांनी अर्धा तास आधी यावे. मी दिवा लावून बसतो.