नाण्यावरचा कर आणि शेतकऱ्याचा सातबारा

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर बोलायचं सोडून मी आज बिटकॉइनवर बोलणार, असं म्हटल्यावर मागच्या रांगेत काही जण हसले. हसू नका. नंदुरबार, शहादा, नवापूर, कुठल्याही तालुक्यात जा. पोरांच्या मोबाइलवर कापसाच्या भावाशेजारी या नाण्याचाही भाव दिसतो. त्यात पोरांचा दोष नाही. कोरडवाहू कापसात मजुरी सुटत नाही म्हटल्यावर पोरगा दुसरीकडे बघणारच.

हे नाणं घ्यावं की घेऊ नये, हे सांगायला मी उभा नाही. ज्याचा पैसा, त्याची जोखीम. मला बोलायचं आहे ते कराच्या सुटीबद्दल. कारण नाणं विकणारा दलाल नाण्याबरोबर करमाफीही विकतो, आणि ती करमाफी आपल्या नावावर विकतो.

त्याचं पहिलं बोलणं असं, की अमेरिकेत राज्यं या नाण्यांवरचा कर माफ करतात, उद्या महाराष्ट्रही करील. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. वायोमिंग नावाच्या राज्यानं २०१८ साली कायदा करून आभासी चलनाला मालमत्ता करातून सूट दिली. मिसुरी राज्यानं २०२५ साली व्यक्तींच्या भांडवली नफ्यावरचा राज्याचा आयकर काढून टाकला, त्यात या नाण्यांचा नफाही आला. पण तिथं आयकर दोन असतात, एक वॉशिंग्टनचा आणि एक राज्याचा. काही राज्यांत तर राज्याचा आयकर मुळातच नाही. राज्य सोडतं ते आपल्या वाट्याचं. वॉशिंग्टनचा कर तिथल्या माणसालाही सुटलेला नाही.

आपल्याकडे कसं आहे? नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पेट्रोल तिकडे स्वस्त म्हणून मोटारसायकली हद्दीपलीकडे जाऊन टाकी भरून येतात, कारण पेट्रोलवरचा व्हॅट राज्याचा आहे. आता त्याच स्टेशनच्या बाकावर बसून एखाद्यानं बिटकॉइन विकलं, तर बाकाच्या कुठल्या टोकाला बसून विकलं यानं काडीचाही फरक पडत नाही. आयकर दोन्हीकडे दिल्लीचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतच ही वाटणी आहे. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर ही केंद्राच्या यादीतली ८२ वी नोंद, आणि शेतीच्या उत्पन्नावरचा कर ही राज्याच्या यादीतली ४६ वी. म्हणजे नाण्यावरचा आयकर माफ करण्याचा अधिकार महाराष्ट्राला नाही. मुख्यमंत्री कोणीही होवो.

दिल्लीनं काय केलं तेही ऐका. २०२२ च्या अर्थसंकल्पात या नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसला, वर ४ टक्के उपकर. नाणं जितक्याला घेतलं तेवढी किंमत वजा होते, बाकी कुठलाही खर्च नाही. एका नाण्यात लाखाचा नफा आणि दुसऱ्यात लाखाचा तोटा झाला, तर तुमच्या माझ्या हिशोबानं हातात शून्य. कायद्याच्या हिशोबानं ३१,२०० रुपये कर. तोटा पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. पगारदाराला नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, हे २०२५ पासून आपण ऐकतो आहोत. पण ती सवलत या नफ्याला लागू नाही. दुसरं काहीच उत्पन्न नसलेल्या पोरानं यात वीस हजार मिळवले, तरी ६,२४० रुपये द्यावे लागतात. आणि कर लावला म्हणजे हे चलन सरकारनं मान्य केलं, असंही नाही. जुगारातल्या कमाईवरही कर असतोच.

दलालाचं दुसरं बोलणं आपल्या जिल्ह्यासाठी खास बनवलेलं आहे. आदिवासीला आयकर माफ असतो, तेव्हा व्यवहार आदिवासी भावाच्या नावानं करू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यातली १०० पैकी ६९ माणसं अनुसूचित जमातींची. म्हणून हे बोलणं इथं चालतं. आयकर कायद्यात अशी सूट आहे, पण ती नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल, मिझोराम, आसाम-मेघालयातले काही डोंगरी भाग आणि लडाख इथं राहणाऱ्या जमातींना, आणि तीही मुख्यतः तिथंच कमावलेल्या उत्पन्नावर. अक्कलकुव्याच्या नि धडगावच्या भिल्ल-पावऱ्याला ती नाही. ती असायला हवी की नको, हा वेगळा वाद. आज नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

तिसरं बोलणं सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही ना? मग नाण्याचा नफा कापसाचा म्हणून दाखवू. सातबारा तुझा, पॅन कार्ड तुझं, बँक खातं तुझं. महिन्याला काही हजार घे नि गप्प बस.

शेतीला आयकरातून वगळलं ते १८८६ साली, इंग्रजांनी. शेतकऱ्याच्या प्रेमानं नाही. सारा आधीच वसूल होत होता, त्यावर दुसरा कर लादणं त्यांना परवडणारं नव्हतं. ती वगळणूक आजही आहे आणि शहरातले लोक ती उठता-बसता आपल्याला ऐकवतात. कर भरण्याएवढं उत्पन्न किती कोरडवाहू शेतकऱ्यांना होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

आता हिशोब करा. चार एकर कोरडवाहू, एकरी पाच क्विंटल धरा, म्हणजे वीस क्विंटल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. भाव पुरा मिळाला, तरी १,६२,२०० रुपये, तेही खर्च न वजा करता. ज्वारीत संकरित वाणाचा हमीभाव ३,६९९. त्या सातबाऱ्यावर कोणी पंधरा लाखांचं उत्पन्न दाखवलं, तर साहेबाला फार हुशार असावं लागत नाही. तो काटापट्टी मागेल, बाजार समितीची पावती मागेल, ई-पीक पाहणीत काय लावलं होतं ते बघेल. खेडा खरेदीत रोखीनं विकला म्हणाल, तर व्यापाऱ्याचं नाव विचारेल. दुसऱ्या बाजूला १ जुलै २०२२ पासून ठराविक रकमेवरच्या नाण्याच्या विक्रीतून एक टक्का टीडीएस कापला जातो, आणि तो विकणाऱ्याच्या पॅनवर नोंदला जातो. पॅन तुमचं असेल तर विकणारे तुम्ही. नफा घेऊन गेला तो शहरात. नोटीस येईल ती तुमच्या घरी, आणि खोटी माहिती दिली म्हणून दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो.

ही झाली कराची गोष्ट. त्या खात्यातून कोणाची फसवणूक करून आणलेला पैसा फिरला, तर पोलीस आधी खातेदाराला शोधतात. मग खातं गोठतं. त्याच खात्यात पीकविमा येतो, कापसाचं पेमेंट येतं. पेरणीच्या तोंडावर खातं गोठलं तर बियाणं कशानं घेणार?

सूट कोणाला मिळते आणि कशी मिळते, हे आपण कापसात पाहिलं आहे. १९ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येईपर्यंत आणि आल्यावरही. एका अधिसूचनेत काम झालं. कापड गिरण्यांनी मागितलं आणि मिळालं. नाणंवाल्यांचीही मागणी चालू आहे, टीडीएस कमी करा, तोटा वजा करू द्या. तोट्याचं त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. तोटा झालेल्याकडून कर घेणं हे न्यायाचं नाही, मग तो नाण्यात झालेला असो की कपाशीत.

पण राज्य सरकारकडे मागायचं तर राज्याच्या हातातलं मागा. डिझेलवरचा व्हॅट राज्याचा. २०२४ साली मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तो २४ वरून २१ टक्क्यांवर आणला. उरलेल्या राज्यात तो आधीच २१ होता, म्हणजे नांगरटीच्या ट्रॅक्टरला त्यातलं काही मिळालं नाही. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यातला अर्धा वाटा राज्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, पण बोंडअळीवर फवारायचं रासायनिक औषध १८ वरच राहिलं. ते एकट्या महाराष्ट्राला कमी करता येत नाही, परिषदेत मांडता येतं. ठरावात डिझेल पहिलं घ्या, औषध दुसरं.

आता जेवणाची वेळ झाली. ज्यांनी कोणाला पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड वापरायला दिलं असेल, त्यांनी लाजू नका, जेवण झाल्यावर टेबलाशी या. बँकेला द्यायचा अर्ज इथंच लिहून देऊ. ज्यांचे पैसे फसवून गेले असतील त्यांनी १९३० या नंबरवर आजच तक्रार नोंदवावी, जेवणाआधी.