हिंवाळी प्रवासाची बांधाबांध



नाताळची सुटी जवळ आली कीं मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबांत वेरूळ-अजिंठ्याच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. गाडीचीं तिकिटें, मुक्कामाची जागा, पाहावयाचीं स्थळें, मुलांचा बुडणारा अभ्यास, या सर्वांचा यथासांग विचार होतो, आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं, कपड्यांची पेटी उघडी पडलेली असतां, कोणी तरी विचारतें, "तिकडे थंडी असते का हो?" या प्रश्नास बहुधा दोन उत्तरें मिळतात. एकजण म्हणतो, "मराठवाडा तो! उन्हाचा मुलूख. तिकडे कसली आली आहे थंडी?" दुसरा म्हणतो, "नुसते दांत वाजतात!" मौज अशी, कीं दोघेही खरेंच बोलत असतात. एकानें तेथील दुपार पाहिलेली असते, दुसऱ्यानें पहांट. या दोहोंमध्यें जें अंतर आहे, त्याची तरतूद पेटींत कशी करावी, एवढ्यापुरतेंच आजचें माझें भाषण आहे.

मी राहतों तें पडेगांव छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पश्चिमेस आहे. छावणी मागें टाकली कीं दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ यांकडे जाणारी सडक आमच्या गांवावरून पुढें जाते. त्यामुळें हिंवाळ्यांतला प्रवासी आम्हांला जातां-येतां दिसतो. सकाळीं सात वाजतां चहाच्या टपरीपाशीं हात काखेंत घालून उभीं असलेलीं माणसें पाहावीं, आणि तींच माणसें दुपारीं परततांना पाहावीं. ज्यांच्या अंगावर नुसता पातळ सदरा होता तीं सकाळीं गारठलेलीं असतात; ज्यांनीं जाडजूड कोट चढविला होता तीं दुपारीं तो ओझ्यासारखा हातावर घेऊन घामानें डबडबलेलीं असतात. कपडे दोघांनींही आणलेले असतात. पण एकानें केवळ दुपारचे, आणि दुसऱ्यानें केवळ पहांटेचे.

याचें कारण भूगोलांत आहे. हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसलेलें आहे. समुद्रकांठच्या गांवीं पाणी तापतेंही हळू आणि निवतेंही हळू. शिवाय हवेंतील बाष्प जमिनीची ऊब पांघरुणासारखें धरून ठेवतें. आमच्याकडे समुद्र नाहीं, आणि हिंवाळ्यांत हवेंत बाष्पही थोडें. आकाश निरभ्र असलें म्हणजे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळतांच आपली उष्णता मोकळ्या आकाशांत सोडूं लागते, आणि सूर्योदयाच्या सुमारास हवा सर्वांत गार होते. डिसेंबर-जानेवारींत दुपारचें तापमान साधारणतः २९ अंशांच्या आसपास, तर पहांटेचें १२ अंशांच्या आसपास असतें. म्हणजे एकाच दिवसांत सुमारें १७ अंशांचा फरक! मुंबईच्या मे महिन्याच्या आणि जानेवारीच्या सरासरींतही एवढें अंतर पडत नाहीं. तेव्हां मुंबईकर या मुलखांत आला म्हणजे सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत एक संबंध ऋतु ओलांडतो, असें म्हटलें तरी चालेल.

हें सारें रोज नियमानें घडत असतें तरी तरतूद सोपी होती. पण हिंवाळाही लहरी असतो. भूमध्य समुद्राकडून येऊन उत्तर भारतावरून पूर्वेस सरकणारे पश्चिमी झंझावात पुढें गेले कीं उत्तरेचें कोरडें वारें खालीं उतरतें, आणि दोन-तीन रात्रींत पारा झरझर घसरतो. अशा लाटेंत या जिल्ह्यांत किमान तापमान २ ते ४ अंशांपर्यंतही उतरूं शकतें. २ फेब्रुवारी १९११ रोजीं येथें सुमारें २ अंशांची नोंद झालेली आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत निफाड येथें डिसेंबर २०१८च्या अखेरीस पारा २ अंशांच्याही खालीं गेला होता. तिकडचे द्राक्षबागाईतदार अशा रात्रीं बागा वांचविण्यासाठीं शेकोट्या पेटवून जागत बसतात. याच्या उलट, कधीं आकाश भरून येतें. मग रात्र उबदार होते, दिवस दमट होतो आणि अवकाळी पाऊस दारांत उभा राहतो. २६ नोव्हेंबर २०२३ रोजीं, ऐन हिंवाळ्याच्या तोंडीं, महाराष्ट्राच्या कित्येक भागांत गारा पडल्या होत्या.

म्हणून निघण्यापूर्वीं हवामानखात्याचा अंदाज अवश्य पाहावा. परंतु दुपारचा आंकडा पाहून समाधान मानूं नये. आपणांस हवा असतो तो किमान तापमानाचा आंकडा. सपाट प्रदेशांत किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून तें सरासरीपेक्षां ४.५ अंश वा अधिक उतरलेलें असेल, तर हवामानखातें त्यास थंडीची लाट म्हणतें. हा शब्द अंदाजांत दिसला, तर जी शाल "कशाला उगीच ओझें" म्हणून बाजूस ठेविली असेल, ती पुन्हां पेटींत टाकावी.

माझें मुख्य सांगणें असें, कीं हिंवाळी प्रवासाचे कपडे महिना पाहून बांधूं नयेत. घटका पाहून बांधावे. "डिसेंबर आहे, गरम कपडे घ्या," या वाक्यानें काम भागत नाहीं. पहांटे पांच वाजतां आपण कोठें असूं, अकरा वाजतां कोठें, सूर्य मावळतांना कोठें आणि रात्रीं निजूं तें कोठें, असे चार प्रश्न विचारावे; म्हणजे काय घ्यावें आणि काय घेऊं नये, हें बरेंचसें आपोआप ठरतें.

पहिली गोष्ट अशी ठरते, कीं एक जाड कपडा घेण्यापेक्षां दोन पातळ कपडे घ्यावे. कपडा स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. ऊब आपल्या शरीराचीच असते, आणि कपड्यांच्या पदरांमध्यें अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊं देत नाहीं. अंगालगत सुती बंडी, तिच्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा झंपर, त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, आणि सर्वांवर वारा व पावसाची सर अडविणारें एक हलकें जाकीट, एवढ्या साहित्यानें १० अंशांपासून ३० अंशांपर्यंतचा दिवस पार पडतो. ऊन चढेल तसें वरचें एक-एक उतरवीत जावें. मात्र सुती बंडी घाम शोषते आणि ओलीच राहते. दुपारचा घाम अंगांत घेऊन संध्याकाळच्या वाऱ्यांत बसणें हा सर्दीला आमंत्रण देण्याचाच प्रकार आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. सर्दीचें कांहीं असो, ओल्या कपड्यानें अंग झपाट्यानें गार पडतें हें खरें. म्हणून संध्याकाळसाठीं कोरडी बंडी निराळी ठेवावी. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडीत नाहीं. धनगराचें घोंगडें पावसांत आणि थंडींत सारखेंच उपयोगीं पडतें तें यामुळें. या शहराचें जें प्रसिद्ध हिमरू वस्त्र, सुताच्या ताण्यांत रेशमाचा बाणा घालून विणलेलें, त्याची शालही आमच्या संध्याकाळीस फार अनुरूप आहे. वजनानें हलकी आणि खांद्यावरून सहज उतरविण्याजोगी. पाहुणे ती शोभेची वस्तु म्हणून विकत घेतात आणि पेटीच्या तळाशीं ठेवतात. त्यांनीं ती त्याच संध्याकाळीं पांघरून पाहावी.

दुसरी गोष्ट कपड्यांच्या क्रमाची. मुंबईहून रात्रीं निघणारी देवगिरी एक्सप्रेस आमच्या स्थानकांत पहांटे चारच्या सुमारास येते. मुंबईंत गाडींत बसतांना पंखा हवासा वाटतो. कसाऱ्याचा घाट चढून गाडी पठारावर आली कीं खिडकींतून येणारें वारें बदलतें, आणि झोपेंतून उठून आपण उतरतों तें नेमकें गारठ्याच्या प्रहरीं. त्या वेळीं सारे गरम कपडे कोठें असतात? बांकाखालच्या पेटींत, अगदीं तळाशीं, इस्त्रीच्या घड्यांखालीं सुखरूप! म्हणून प्रत्येकाचा स्वेटर, कानटोपी आणि मोजे एका निराळ्या पिशवींत घालून ती पिशवी उशाशीं ठेवावी. पूर्वीच्या प्रवाशांना ही अडचण भासत नसे, कारण त्यांच्याबरोबर वळकटी असे. सतरंजी, उशी, चादर आणि रजई एकत्र गुंडाळून सारें बिऱ्हाडच खांद्यावर निघे. आतां वळकटी गेली, चाकांची बॅग आली. विमानानें येणाऱ्यास तर बहुधा १५ किलो सामान आणि हातांत ७ किलो, एवढीच मुभा. ओझें कमी झालें हें उत्तमच झालें. पण विचार न करतां बरोबर येणारी ऊबही त्या वळकटीबरोबर गेली. ती आतां विचार करून न्यावी लागते.

परदेशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींस येथें एक विशेष सूचना करावीशी वाटते. अमेरिकेंतून किंवा युरोपांतून नाताळांत माहेरीं येणारी मुलगी आपले जाड कोट तिकडेच ठेवून येते. "बर्फांत राहणारीं माणसें आम्ही, आम्हांला कसली थंडी?" असें ती म्हणते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आईची शाल मागते. तिचें म्हणणें चुकीचें नसतें. पण तिकडची थंडी दाराबाहेर असते. तिकडचीं घरें आंतून तापविलेलीं असतात. आपलीं घरें मुळांत उन्हाळा सोसण्यासाठीं बांधलेलीं. उंच छत, मोठ्या खिडक्या आणि पायांखालीं शहाबादी फरशी. १२ अंशांची पहांट येथें दाराबाहेर थांबत नाहीं, ती बिछान्यापर्यंत येते. म्हणून तिकडून येणाऱ्यानें कोट आणला नाहीं तरी चालेल. पण घरांत वापरावयाचे जाड मोजे, निजतांना घालावयाचा पूर्ण बाह्यांचा कपडा आणि लहान मुलांची कानटोपी विसरूं नये.

आतां स्थळांचा विचार करूं. वेरूळचीं ३४ लेणीं डोंगराच्या पश्चिमेकडील अंगांत कोरलेलीं आहेत, म्हणून सकाळीं त्यांच्यावर सावली असते आणि ऊन येतें तें दुपारनंतर. गर्दी टाळण्यासाठीं लवकर जाणाऱ्यानें स्वेटर अंगावर ठेवावा. जवळच घृष्णेश्वराचें ज्योतिर्लिंग आहे. तेथें गाभाऱ्यांत जातांना पुरुषांना अंगावरचे वरचे कपडे उतरवावे लागतात, आणि देवळाचा दगड अनवाणी पायांस बर्फासारखा लागतो. पहांटेच्या दर्शनास जाणाऱ्यानें चटकन निघतील असे, समोरून उघडणारे कपडे घालावे, आणि ते ठेवण्यास एक पिशवी जवळ बाळगावी. याच्या उलट दौलताबादचा किल्ला. आसपासच्या मैदानापासून सुमारें २०० मीटर उंच उठलेला तो डोंगर अकराच्या उन्हांत चढतांना जानेवारींतही कपाळावरचा घाम पुसावा लागतो. तेथें सुती कपडे, रुंद कांठाची टोपी आणि पाणी, एवढेंच हवें. संध्याकाळीं सूर्यास्त पाहण्यास खुलताबादजवळच्या म्हैसमाळास जाल, तर तें ठिकाण शहरापेक्षां सुमारें ५०० मीटर उंच आहे, म्हणजे हवा आणखी तीनएक अंशांनीं गार, आणि त्यांत उघड्या माथ्यावरचें वारें. सूर्य पाहतां पाहतां जो रमतो तो परततांना कुडकुडतो. तेव्हां शाल गाडींत न ठेवतां हातांत घ्यावी.

चार दिवसांच्या मुक्कामास माणशीं किती कपडे पुरतात, हेंही सांगून टाकतों. सुती बंड्या चार, हलके सदरे किंवा झंपर तीन, पायजमे अथवा साड्या तीन, पूर्ण बाह्यांचा एक पातळ स्वेटर आणि एक बिनबाह्यांचा, वारा अडविणारें एक जाकीट, मोज्यांचे तीन जोड, एक कानटोपी किंवा मफलर, आणि दोघांत एक मोठी शाल. आमच्याकडची हिंवाळी हवा कोरडी असल्यामुळें रात्रीं धुतलेली बंडी दुसऱ्या दिवशीं सहज वाळते. म्हणून सुती कपड्यांची संख्या वाढविण्याचें कारण नाहीं. मात्र सत्तरीच्या पुढचें माणूस किंवा दुधपितें मूल बरोबर असेल, तर त्याच्यासाठीं गरम कपड्यांचा एक जोड अधिक घ्यावा. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजूं लागल्याचें पुष्कळदां उशिरां कळतें, आणि मुलाला तें सांगतां येत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट, जिच्यासाठीं हें सारें बोलावेंसें वाटलें. आपल्या घरांतून प्रवासाची पेटी बहुधा एकच व्यक्ति भरते, आणि ती कोण हें आपण सारे जाणतां. सासऱ्यांची कानटोपी, नवऱ्याचा स्वेटर, मुलांचे मोजे, सारें आठवणीनें घातल्यावर पेटी भरते. आणि मग जागा करण्यासाठीं जो कपडा बाहेर काढला जातो, तो बहुतेक तिचा स्वतःचा असतो. "मला नाहीं एवढी थंडी वाजत," असें ती म्हणते, आणि आपण तें खरें मानतों. पुढें पहांटेच्या स्थानकावर मूल कुडकुडूं लागलें, कीं तिच्या अंगावर जो पदर असतो तोही मुलाच्या अंगावर जातो. म्हणून घरांतील पुरुषमंडळींस माझी विनंती आहे, कीं यंदा निघण्याच्या आदल्या रात्रीं पेटीपाशीं जाऊन बसावें. आपलें कांहीं राहिलें का, हें विचारण्यासाठीं नव्हे. तिची शाल आंत आहे का, एवढें पाहावें. नसल्यास आपला एक सदरा बाहेर काढून तिच्यासाठीं जागा करावी.