कोपरे गेले कोठें?



विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यांत शिक्षकाचा जन्म जातो. पण विद्यार्थ्यानें विचारलेला एखादा प्रश्न शिक्षकाची पाठ जन्मभर सोडीत नाहीं. तसाच एक प्रश्न आज मीं आपणांपुढें आणला आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीं मी मुलांना घेऊन विजापूरचा गोल घुमट पाहावयास गेलों होतों. वरच्या सज्ज्यांत पोहोंचतांच मुलांनीं आरोळ्या ठोकण्यास आरंभ केला, आणि खरें सांगावयाचें तर मीहि एक ठोकली. तितक्यांत एक अबोल मुलगा जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, खालीं दालन चौकोनी, वर घुमट वाटोळा, मग चार कोपरे गेले कोठें?" मला उत्तर येत नव्हतें. तसें सांगण्याऐवजीं, "तूं प्रतिध्वनि ऐक!" म्हणून मीं त्याला गप्प केलें. भूमिति शिकविणाऱ्या माणसाला हें शोभलें नाहीं.

पुढें वाचनांत आलें कीं, हाच प्रश्न मोठमोठ्या कारागिरांना पडला होता, आणि इस्लामी वास्तुकलेंत त्याचीं उत्तरें देशोदेशीं निराळीं आहेत.

जेरुसलेम येथील 'कुब्बत-उस्-सख्रा' ही इमारत खलीफा अब्दुल मलिक याच्या कारकीर्दींत, इ. स. ६९१-९२ च्या सुमारास, उभी राहिली. तिचा लाकडी घुमट खांबांच्या वर्तुळावर टेकला असून बाहेरच्या भिंती अष्टकोनी आहेत. चौकोनच नाहीं, तेव्हां कोपऱ्यांची अडचणहि नाहीं.

इराणांतील इस्फहानच्या जामा मशिदीच्या उत्तरेकडील दालनावर इ. स. १०८८ मध्यें विटांचा घुमट चढविला गेला. हें दालन मात्र चौकोनी. गवंड्यांनीं चारी कोपऱ्यांत तिरप्या कमानी टाकून अष्टकोन साधला, त्यावर सोळा लहान कमानींचें वलय रचलें, आणि मग घुमट बसविला. चार, आठ, सोळा आणि वर्तुळ! बहुकोनाच्या बाजू वाढवीत वर्तुळापर्यंत जाण्याची जी युक्ति आम्ही फळ्यावर दाखवितों, तीच ही.

तुर्कस्तानांत एदिर्ने येथें सिनान या थोर स्थपतीनें सुलतान दुसरा सेलिम याच्यासाठीं १५६८ ते १५७५ या काळांत मशीद बांधली. इस्तंबूलचें आयासोफिया हें ५३७ सालचें, मूळचें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. त्याच्या घुमटाशीं बरोबरी करण्याची जिद्द सिनानला होती. उतारवयांत त्यानें सुमारें ३१ मीटर व्यासाचा घुमट आठ प्रचंड खांबांवर तोलून दाखविला.

आतां पुन्हां विजापूरकडे वळूं. शहाजीराजे ज्याच्या पदरीं सरदार होते, तो महंमद आदिलशहा १६५६ सालीं वारला. गोल घुमट ही त्याची कबर. आंतील दालनाची प्रत्येक बाजू सुमारें १३५ फूट, घुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट. आणि मध्यें एकहि खांब नाहीं! हें कसें साधलें? कागदावर एक चौरस काढा. त्यावर तेवढाच दुसरा चौरस तिरपा ठेवा. आठ टोकांची चांदणी होते, आणि तिच्या पोटांत अष्टकोन उरतो. चारी भिंतींशीं टेकलेल्या आठ कमानी याच आकृतीप्रमाणें एकमेकींना छेदितात. त्यांच्यामधील बांधकाम आंत झुकत जातें आणि कोपरे त्यांत विरून जातात. घुमटाचा रेटा भिंतींना बाहेर लोटूं पाहतो. आंत झुकलेल्या बांधकामाचें वजन त्यांना आंत ओढतें. दोन्ही जोर एकमेकांस आवरून धरतात. साडेतीनशेंहून अधिक वर्षे हा हिशेब चुकलेला नाहीं.

आपण मुलाबाळांना घेऊन तेथें गेलांत, तर आरोळी ठोकण्यापूर्वीं दालनाच्या मध्यभागीं क्षणभर उभे राहा आणि कोपऱ्यांकडे मान वर करून पाहा. ती एक कबर आहे. तेथें थोडी शांतता शोभतेहि. आणि एखाद्या मुलानें असा प्रश्न केला कीं ज्याचें उत्तर आपणांस येत नाहीं, तर "मला ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं," एवढें म्हणावयास लाजूं नका. मीं तें म्हटलें नाहीं.

तो मुलगा आतां चांगला प्रौढ गृहस्थ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्याला माझें उशिराचें उत्तर मिळो: बाळ, कोपरे कोठेंहि गेले नाहींत, घुमट त्यांच्याच खांद्यावर उभा आहे.