गुलाबी थंडी कुणाची?



दिवाळी सरली, कापसाची वेचणी सुरू झाली, की आपल्या परभणी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास उगवतो. गुलाबी. थंडी आली की ती गुलाबीच. सोबत चहाच्या टपरीचं, नाहीतर पहाटे फिरायला निघालेल्या मंडळींचं छायाचित्र.

शब्द गोड आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशांचं ऊन सोसणाऱ्या परभणीला पहाटेचा गारवा सुखाचा वाटणारच, आणि बातमीनं ते सुख सांगायलाच हवं. अडचण पुढे होते. नोव्हेंबरात १५ अंशांना वापरलेला हा शब्द पारा सात-आठवर उतरला, तरी मथळ्यातून हलत नाही.

हवामान खात्याच्या कोशात गुलाबी नाही. तिथं मोजमाप आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक घसरलं, तर थंडीची लाट. चार अंश किंवा त्याखाली गेलं, तर सरासरी न पाहताही लाटच. आपल्याकडे ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. डिसेंबर २०१८च्या अखेरीस इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता. विद्यापीठाचा आकडा आणि हवामान खात्याचा आकडा पुष्कळदा जुळत नाहीत. मोजण्याची जागा बदलली की आकडा बदलतो. मोकळ्या शिवारातली रात्र वस्तीतल्या रात्रीपेक्षा गार असते. म्हणून बातमीत आकड्यासोबत तो कुठला, हेही यावं.

आणि त्या शिवारात रात्री माणसं असतात. शेतीपंपाची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर वाहिन्यांमुळे काही भागांत आता दिवसा वीज मिळू लागली आहे, सगळीकडे नाही. रात्रीची पाळी आली, की सेलू-मानवतचा शेतकरी मध्यरात्री उठतो, बॅटरी घेतो आणि गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला जातो. दारं धरायची म्हणजे घोटाभर चिखलात अनवाणी उभं राहायचं, एका सरीचं पाणी फावड्यानं दुसऱ्या सरीत वळवायचं. सात अंशांत ते पाणी पायाला कसं लागतं, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. गंगाखेड-पाथरीकडे कारखान्यांचे गाळप हंगाम ऐन भरात असतात. ऊसतोड कुटुंबं कोपीत झोपतात, पाचटाच्या भिंतींआड, लेकराबाळांसकट, आणि कोयता पहाटेच हातात घेतात. सकाळी हीच माणसं पेपरात वाचणार, की थंडी आल्हाददायक होती.

पिकांचंही एकसारखं नाही. गव्हाला थंडी मानवते, हरभऱ्यालाही. केळीची मात्र १० अंशांखाली वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. म्हणून कृषी हवामान सल्ल्यात केळीच्या बागेला रात्री पाणी द्या, कडेनं धूर करा, असं सांगितलेलं असतं. एकाच रात्रीची थंडी एका बांधावर लाभाची, शेजारच्या बांधावर नुकसानीची. तिला एकच गोड विशेषण लावलं, की हा फरकच पुसला जातो. बातमीदार मुद्दाम तसं करतो असं मी म्हणत नाही. पान लावायची घाई असते, आणि हा शब्द आयता हाताशी असतो.

पण मराठीला काय कमी आहे? गारवा आहे, गारठा आहे, बोचरी थंडी आहे, कडाका आहे, हुडहुडी आहे. प्रत्येकाची पायरी वेगळी, आणि ती ऐकणाऱ्याला न सांगता कळते. नोव्हेंबरचा गारवा खुशाल गुलाबी म्हणा. जानेवारीत पारा घसरला, की कडाका म्हणा.

आणखी एक मागणं आहे, आपल्या जिल्ह्यातल्या तरुण बातमीदारांकडे. कोणत्या भागात कोणत्या आठवड्यात रात्रीची वीज आहे, याचं वेळापत्रक महावितरणकडे असतं. थंडीच्या बातमीत आकड्याखाली ती एक ओळ द्या: आज रात्री अमुक गावांत पंप चालू राहतील.